भाऊंचा शब्द

हे लिहिणारच नव्हतो. पण पोटात राहत नाही.

आमच्या भाऊंकडे सगळं आहे. आमदारकी आहे, केबलवरचं चॅनल आहे, पाण्याच्या जारचा कारखाना आहे. दर सोमवारी ते आपल्याच चॅनलवर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात. फोन जोडून द्यायचं काम पीयूषचं. त्या सोमवारी त्यानं बाकीचे फोन अडवून आपल्या दोस्ताचा, लहानूचा, फोन पुढे काढला.

"भाऊ, बारा दिवस झाले, नळाले थेंब नाई. बुधवारी बहिणीचं साक्षगंध हाये. पन्नास पाहुणे येतीन."

भाऊ कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "लहानू, उद्या सकाळी पाणी तुझ्या दारात. हा माझा शब्द."

पीयूषची छाती फुगली.

सकाळी लहानूचा फोन आला. "आलं ना बे पाणी! भाऊच्या कारखान्याची गाडी दारात उभी हाये. पन्नास पाहुण्यांच्या मापानं जार आणले, अन् डायवर नगदी मांगून राह्यला. नळ कधी येईन म्हणलं, तं हासत सुटला."

पीयूष म्हणाला,


"लहान्या, मायची कसम, याच्यापुढे तुही एकबी तक्रार भाऊच्या कानापर्यंत जाऊ देणार नाई."