मठातले बाबा

मढला एका सिरीयलचं शूटिंग चालू होतं. आठशे वर्षांपूर्वीचा मठ आणि त्यात एकामागून एक साधूंचे खून. हर्षदला गर्दीतल्या साधूचं काम मिळालं, म्हणून त्याने डोक्याचा चमनगोटा केला.

दिंडोशीला त्याच्या शेजारच्या विमलाकाकू घाबरल्याच. "कोण गेलं रे?"

"कोणी नाही काकू, शूटिंग आहे." त्याने सगळी गोष्ट सांगितली. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की त्या विचारायच्या, "आज कोण मेलं?" आणि तो त्या दिवशीच्या साधूचं नाव सांगायचा.

तिसऱ्या आठवड्यात कणकवलीहून वडील गेल्याचा फोन आला. तो तसाच निघाला. गावच्या न्हाव्याने डोक्यावरच्या खुंटांवर पुन्हा वस्तरा फिरवला. तेरावं उरकून तो परतला तेव्हा जिना चढायचंही त्राण नव्हतं.

काकू समोरच आल्या. "होतास कुठे इतके दिवस? कोण मेलं आता?"

"बाबा."

"अगं बाई, मठातले मोठे बाबाच?" काकू हसल्या. "कोणी मारलं रे त्यांना?"

हर्षदने खांद्यावरची बॅग पायरीवर ठेवली.

"कोणी नाही, काकू. झोपेतच गेले."