कंप मोजणारा पाना

रविवारी सकाळी अंगणात यशवंत केळुसकरांनी मोटारसायकलच्या चेनचा ताण नीट केला. मागच्या चाकाचा नट आवळायची वेळ येताच मात्र त्यांनी पाना पत्नीच्या, माणिकताईंच्या हाती दिला.

पाना हाताचा कंप मोजत असे. मालकाने दर आठवड्याला स्वतः नट आवळायचा. हात स्थिर असेल तरच गाडी पुढचा आठवडा सुरू होई, नाहीतर परवाना रद्द. हात कोणाचा, हे पान्याला कळत नसे. चार महिने माणिकताईच नट आवळत होत्या.

"आवर गं. वरच्या वाडीत इन्शुलिन पोचवायचंय. त्या घाटात दुसरं कोण जाणार?"

"काल कुठे पडलात?"

"पडलो नाही. गाडी जरा टेकली."

"जरा टेकली आणि आरसा फुटला?"

"पोलिसात होतीस का गं पूर्वी?" हसत त्यांनी हेल्मेट चढवले. हनुवटीखालची क्लिप तीनदा बोटांतून निसटली. मग त्यांनी पाठ फिरवून ती कशीबशी लावली.

माणिकताईंनी नटावर लावलेला पाना काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"आज तुम्हीच आवळा."

"वेडी झालीस? तिथे माणसं वाट बघतायत."

"औषध मी चालत नेते. दुपारपर्यंत पोचेन."

अखेर त्यांनी खाली बसून पाना नटाला लावला. नट हलण्याआधीच पान्यावरचा दिवा लाल झाला. त्यांनी मान वर केली नाही, तेव्हा माणिकताईंनी वाकून त्यांची क्लिप सोडवली आणि हेल्मेट हलकेच काढून घेतले.