पोटनिवडणुकीचा फोटो

“टिकली काढा वहिनी,” गोपाल म्हणाला. “फोटोत दिसून राह्यली.”

रंजीताचा हात कपाळाशी जाऊन थांबला. तिचे यजमान, आमदार गुणवंतराव, नागपूरच्या दवाखान्यात बेशुद्ध होते. मलेरिया डोक्यात गेला होता. भरवसा देता येत नाही, असं डॉक्टर कालच म्हणाले होते. आणि इकडे धाकटा दीर फोटोच्या मागे पडदा म्हणून अंगणात पांढरी चादर ताणून बसला होता.

“भाऊजी, ते अजून आहेत.”

“मले का समजत नाई? पन सीट खाली झाली का तिकिटासाठी लाईन लागते. पोटनिवडनुकीत पयला बॅनर ज्याचा, तिकीट त्याचं. दादाची जागा घरातच राह्यली पायजे.”

“मंग तुमीच उभे रहा ना.”

“मले पाहून कोन रडते?” गोपाल हसला. “लोकाईले बाई पायजे. तुमी फक्त हात जोडा. बाकी मी पाह्यतो.”

त्या बाकीत काय काय येतं, हे रंजीताला ठाऊक होतं. गुणवंतरावांनी गोपालचा नदीतली वाळू उपसायचा रेतीघाट बंद पाडल्यापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता. मात्र ताप आला तसा सगळं विसरून तोच उशाशी बसला. पाणी तोच पाजी, गोळ्या तोच देई. असा भाऊ सगळ्यांना मिळो, असं बायाबापड्या म्हणत. ताप मात्र चढतच गेला.

तिने टिकली काढली आणि हाताच्या पाठीवर चिकटवली. पुसली तर नाही ना, नुसती हलवली. देवाला एवढा फरक कळत असेल, असं ती धरून चालली.

फोटोवाला निकेश वडसा गावचा. हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं करायचा. “बाई, डोये भरू द्या जी, पन सांडू देऊ नोका,” तो म्हणाला. “नाटकातल्या हिरोइनले बी मी हेच सांगतो.”

डोळे भरायला तिला काही वेगळं करावं लागलं नाही.

फोटो निघाला आणि तिचा फोन वाजला. डॉक्टर होते. साहेब शुद्धीवर आले, तुमचं नाव घेतलं, म्हणाले. उद्या वॉर्डात हलवू, उशाशी घरचं माणूस लागेल. मग जरा रागाने म्हणाले, “बाई, घरी एकही गोळी पोटात गेलेली दिसत नाही. गेली असती तर इतकं वाढलंच नसतं.”

रंजीताने फोन खाली घेतला. “शुद्धीवर आले,” एवढंच ती म्हणाली. टिकली तिने पुन्हा कपाळावर लावली.

“वा जी!” निकेश म्हणाला. “मंग फोटो डिलीट करू?”

“काऊन? राहू दे,” गोपाल म्हणाला. गाडीची चावी त्याने खिशातून काढलीच होती. “उशाशी कोनी पायजे असंन. मी निंगतो.”

“मी बी येते.” रंजीता पिशवी न घेताच धावली.

गोपालने गाडीचं दार आतून लावून घेतलं. काच खाली करून मायेने म्हणाला, “तुमी कायले दगदग करता, वहिनी? औषधपानी मी पाह्यतो. उमेदवाराले जपा लागते.”