चिंचेखालची जागा

"तिसरी जागा गेली, देवराव." गोपाळरावांनी काठीनं वाळलेला नेचा उलथून टाकला. "आता काय सांगतोस?"

देवराव माळ्यानं चिमूटभर माती हुंगली. "दवाखान्यासारखा वास येऊन राहिला, साहेब."

"मग धंतोलीतल्या इस्पितळात ने तिला. भरती कर."

रामदासपेठेतल्या त्या बंगल्यात चिंच जुनी आणि तिच्याखालची जमीन दगडासारखी. देवरावनं दोन महिने ती खणली, पाचोळ्याचं खत घातलं, सावलीत जगणारे नेचे लावले. सगळ्यांनी मुळं धरली. पण तो दुपारी भाकर खायला जिथं बसे, तिथलेच जळत.

"बसायची जागा बदल," गोपाळराव म्हणाले होते. तो बुंध्यापासून उठून भिंतीकडे गेला, मग विहिरीकडे. दोन्हीकडे तेच झालं.

"आज कुठं बसला होतास रे?" संध्याकाळी देवराव निघताना यमुताई ओट्यावरून विचारत. मालकीणबाई मायाळू आहे, असं देवरावला वाटे.

"काम लांबवायला तूच काहीतरी टाकतोस," गोपाळराव आता म्हणाले.

"मी काहून मारीन, साहेब? मले तुमची चिठ्ठी पाहिजे ना."

सरकारी बागेत माळ्याची पक्की नोकरी निघाली होती. महिनाअखेरीपर्यंत साहेबांची शिफारस नेली, तरच ती मिळणार होती. चिठ्ठी लिहून तयार होती. सही तेवढी बाकी होती.

"आम्ही जातपात मानत नाही. तुझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, हे माहीत असून तुला कामावर ठेवलं. चहासुद्धा घरचा देतो. आणि तू हे करतोस?"

कान तुटलेला देवरावचा कप चिंचेच्या बेचक्यात अडकवलेला होता.

"जळलेल्या जागी नवे लाव आणि आठ दिवस येऊ नकोस. पाणी मी घालतो. मग कळेल."

नवव्या दिवशी देवराव आला आणि फाटकातच हसला. तिन्ही जागा हिरव्या होत्या.

"जगले ना, साहेब!"

"जगले. तू नव्हतास म्हणून." गोपाळरावांनी त्याच्यासमोर चिठ्ठी फाडली. "चालता हो."

देवरावनं खुरपं उचललं. "विहिरीजवळच्याले पाणी कमी घालजा," एवढं बोलून तो गेला.

फाटक वाजलं तशा यमुताई ओट्यावर आल्या.

"गेला एकदाचा? बरं झालं. तो जेवून उठायचा, त्या जागेवर रोज बादलीभर फिनाईल ओतून माझा हात दुखायला लागला होता."