भिंतीवरचा ट्रंपेट

सासरे जन्मभर बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. फुंकताना नळीत साचलेली लाळ चारचौघांत ऐटीत झटकायचे. आता लकव्याने अर्धं तोंड वाकडं झालं होतं आणि तीच लाळ हनुवटीवरून ओघळायची. पाहुणा आला की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

“लाळ जास्त होत नाही हो,” डॉक्टरीणबाईंनी सुनेला समजावलं होतं. “ती गिळायची राहून जाते. आठवण करून देत राहा.”

मग सुनेचा दिवसभर एकच धोशा. “बाबा, ओठ मिटा. गिळा.”

सासरे डोळे वटारायचे, जणू ताल तीच चुकवत होती. गळ्यातला रुमाल भिजतच राहायचा.

त्या दुपारी ती रुमाल बदलायला आली, तर तो खडखडीत कोरडा होता.

टप.

आवाज भिंतीजवळून आला. खिळ्याला टांगलेल्या ट्रंपेटच्या भोंग्यातून थेंब पडला होता. छताला ओल नव्हती. तिने फरशी पुसली. टप. थेंब चिकट होता, तार धरणारा. तिला तो चांगलाच ओळखीचा होता.

तिने धीर करून ट्रंपेट खाली काढला. वर्षभर त्याला कुणी हात लावला नव्हता, तरी ओठ टेकायची जागा कोमट होती.

पाठीमागे आवंढा गिळल्याचा आवाज झाला.

ती वळली. सासऱ्यांचे ओठ घट्ट मिटले होते. मग ते उघडले आणि दुखण्यानंतर पहिल्यांदाच शब्द स्वच्छ आले.

“झटकून दे, पोरी. दुसरं कडवं राहिलंय.”