हिरवा दिवा

"लागला?" गुरुमूर्तीनं तमिळमध्ये विचारलं.

"दोन मिनिटं सार," वरलक्ष्मी तमिळमध्येच म्हणाली.

सकाळपासून त्याचा हाच प्रश्न आणि तिचं हेच उत्तर. गुरुमूर्ती नर्सिंग होमचा मॅनेजर. वरच्या मजल्यावर पेशंटनं खाटेवरून नुसतं बोलावं आणि खाली डॉक्टरांच्या टेबलावर ऐकू यावं, असा डबा तिनं बनवला होता आणि आता वर खाटेशीच बसून तो लावत होती. आत बोर्ड, बोर्डावर नेटवर्कचं मॉड्यूल, मॉड्यूलपासून केबल खोचायच्या इथरनेट पोर्टापर्यंत चार रेघा. जोडणी झाली की पोर्टावरचा हिरवा दिवा लागणार. आज लागला नाही तर डबा उचला, असं डॉक्टर धनलक्ष्मींनी बजावलं होतं. या डब्यापायी वरलक्ष्मीनं कॉलेजातली नोकरी सोडली होती.

ती आतेभावाकडे वळली आणि मराठी सुरू झाली. तंजावरात मराठीचा मोठा उपयोग हा, की परक्यासमोर निवांत भांडता येतं.

"पाठवायच्या दोन रेघा, घ्यायच्या दोन. तेवढंही तुला जोडता आलं नाही, श्रीकर?"

"नकाशा तुझा, अक्का. मी फक्त सोल्डर केलं. दिवा तरी सरळ काढलायस ना त्यात? उलटा बसला तर जोडणी होऊनही लागायचा नाही."

"अस्कं तपासलंय मी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दिव्याचं मला शिकवू नकोस."

"अय्यो, तुला कोण शिकवणार!"

गुरुमूर्ती खाकरला. दोघंही त्याच्याकडे बघून गोड हसली.

"उभा कसा राहिलाय बघ," श्रीकर तसाच हसत म्हणाला. "खांबाला मिशा फुटल्यागत."

"तो परवडला. खालची म्हैस बघ. समोर बसलेल्या पेशंटला तोंड उघडू देत नाही, आणि वरच्यांचं ऐकायला डबा हवा!"

"सासूला पण टेबलाशी बसवून गोळ्या मोजायला लावते."

"फुकटची नर्स मिळाली की तिला."

गुरुमूर्तीचा फोन वाजला. त्यानं बराच वेळ ऐकून घेतलं. मग डब्याकडे पाहिलं, या दोघांकडे पाहिलं, आणि दिवसात पहिल्यांदा त्याच्या मिशा हलल्या.

"डॉक्टरम्मा म्हणतात, सकाळपासून आवाज अगदी स्वच्छ येतोय," तो म्हणाला. "त्यांना एक अक्षर कळत नाही, पण सासूबाई तुमच्यातल्याच, ओरत्तनाडूच्या मराठी. शेजारी बसून एकेक वाक्य तमिळमध्ये सांगतायत. मधेच गप्प का झालात, विचारतात."