वहीतली आठ मिनिटं

“हे अक्षर तुमचंच ना, काका?”

नगरपालिकेच्या सभेत बिल्डरने वर्दीची वही उघडून टेबलावरून पुढे सरकवली. बंबकाकांनी चष्मा न लावताच मान हलवली. आपलं अक्षर ओळखायला चष्मा कशाला? आगीची वर्दी आली की बंब हाकायचा, आणि परत आल्यावर पोचायला किती वेळ लागला ते वहीत लिहायचं. एकोणतीस वर्षं दोन्ही कामं त्याच हातांनी केली होती.

“मग वाचतो. पुलापलीकडची वर्दी, आठ मिनिटं. ही नऊ. ही परत आठ.” बिल्डरचा आवाज चढलेला नव्हता. “अध्यक्षबाई, जुन्या केंद्रातून बंब आठ मिनिटांत पोचतो. मग पलीकडे नवं अग्निशमन केंद्र बांधायला आमच्याकडून दर फ्लॅटमागे शुल्क कशासाठी? ते शेवटी घर घेणाऱ्याच्याच माथी बसणार. पोटाला चिमटा काढून घर घेतात हो लोक.”

“तहान लागल्यावर विहीर खणणारे पाहिले होते,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “तुमचे चौदा-चौदा मजले उभे राहतायत तिथे. तुम्ही आग लागल्यावर खणा म्हणताय!”

सभागृहात हशा पिकला. बिल्डरही हसला. मग त्याने वहीवर बोट ठेवलं. “विहीर आहेच की, बाई. मी नाही, ही वही सांगतेय.”

हसू विरलं. अध्यक्षबाई केंद्राच्या साहेबांकडे वळल्या. “अकरा वर्षं केंद्र मागताय तुम्ही. यावर काही म्हणणं?”

साहेब मांडीवरच्या फायलीची नाडी नुसती बोटाला गुंडाळत राहिले. ते आणि बंबकाका एकाच दिवशी नोकरीला लागलेले. चारचौघांत ‘साहेब’, एकटे असले की अरे-तुरे. एका डब्यात जेवलेले, एका धुरात खोकलेले.

बंबकाकांनी वहीकडे पाहिलं. पहिला आठ कोणत्या पानावर आहे, ते त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं.

अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार. साहेब प्रशिक्षणाला परगावी गेलेले आणि वर्दी आली ती पुलापलीकडून, साहेबांच्याच घरून. बंबकाकांनी जिवाच्या आकांताने बंब काढला. अरुंद पुलावर वाहनाला वाहन भिडलेलं. घंटा बडवली, हात जोडले, शिव्या दिल्या. पूल काही रुंद झाला नाही. पोचले तेव्हा खिडकीतून नुसता धूर येत होता. शेजारीण म्हणाली, “आत्ता आत्तापर्यंत हाका मारत होती हो.” वहिनी गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. एवढंच विचारलं, “किती वेळ लागला रे?”

“आठ मिनिटं.”

“मग काही करता आलं नसतं,” साहेब म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

बंबकाकांनी वहीत आदल्या दिवसाच्या कोऱ्या राहिलेल्या रकान्यात आठ लिहिले. जखमेवर फुंकर घालावी, तसे लिहिले. पण खोट्याला एकटं राहवत नाही, त्याला सोबत लागते. त्या एका आठावर कुणाचं बोट पडू नये, म्हणून पुलापलीकडच्या प्रत्येक वर्दीला आठ नाही तर नऊ लिहावे लागले. कधी कुणाचा गोठा जळाला, कधी कुणाचं दुकान. दर वेळी सही करताना हात जड व्हायचा. आता तीच फुंकर चौदा मजल्यांच्या उरावर बसली होती.

ते उठले.

“अध्यक्षबाई, ही वही खोटी आहे. मी लिहिली, मीच सांगतो.”

बिल्डर चपापला. मग हळू आवाजात म्हणाला, “काका, जपून बोला. दोन महिन्यांत निवृत्त होताय. हे सगळं लेखी होणार.”

“होऊ दे बाबा. इतकी वर्षं मी लिहिलं, आज माझ्याबद्दल कुणी लिहील.” त्यांनी साहेबांकडे तोंड वळवलं. भरसभेत, पहिल्यांदाच, त्यांच्या तोंडून ‘अरे’ निघालं. “अरे, वहिनींच्या दिवशी सतरा मिनिटं लागली होती. तेव्हाही सतरा, आजही सतरा. आठ मिनिटांत मी कधी पोचलोच नाही.”

बिल्डरने वही आपल्याकडे ओढली आणि मिटून टाकली. “शुल्क किती ते आपण बसून ठरवू, बाई,” तो म्हणाला. “केंद्राला माझी हरकत नाही.”

बंबकाकांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. साहेब जागेवरून उठून त्यांच्याकडे येत होते. आता हा माणूस आपल्याकडे बघणारसुद्धा नाही, या भीतीने बंबकाका टेबलाची कड धरून उभे राहिले.

साहेबांनी फायलीच्या तळातून चार घड्यांचा एक पिवळा कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला.

“शेजारणीने मला तेव्हाच खरा वेळ सांगितला होता,” ते म्हणाले. “पण हा पाठवला असता, तर तुझी वही उघडली असती.”

बंबकाकांनी आता चष्मा लावला. साहेबांच्या हातचा अर्ज होता. नव्या केंद्रासाठीचा, अगदी पहिला. तारीख वहिनी गेल्या त्याच्या चौथ्या दिवसाची. ना सही, ना शिक्का. दोनच ओळी लिहिलेल्या.

‘पुलापलीकडे बंब पोचायला सतरा मिनिटे लागतात. यात ड्रायव्हरचा काहीही दोष नाही.’